सॅम्युएल कोल्ट व पिस्तुलाच्या नळीचे माप

वडोद्याच्या गायकवाड सरकारांनी एकोणिसाव्या शतकात सोन्याच्या व चांदीच्या तोफा घडविल्या, ही गोष्ट आमच्या नगरीत लहानथोर सर्वांस ठाऊक आहे. त्या तोफा सलामीसाठी व मिरवणुकीसाठी होत्या. रणांगणावर त्यांचा उपयोग नव्हता. धातू मोलाचा असला म्हणून हत्यार चांगले ठरत नाही. ते कोणाच्या हाती जावयाचे आणि कोणत्या कामी यावयाचे, यावर त्याचे माप ठरते आणि मापावर त्याची योग्यता ठरते. आपल्या पूर्वजांस हे पक्के ठाऊक होते. घोडेस्वाराच्या हाती लांब भाला शोभे, गर्दीच्या लढाईत पट्टा चाले आणि जेथे हात हलविण्यासही जागा नसे तेथे बिचवा कामास येई. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर इब्राहिमखान गारद्याच्या जड तोफांनी मोठा पराक्रम केला. परंतु त्या जेथे मांडाव्या तेथेच खिळून राहत. उलट अब्दालीच्या उंटांवरील लहान जंबुरका हव्या तेथे नेता येत. लांब की आखूड, जड की हलके, हा प्रश्न असा फार जुना आहे.

हाच प्रश्न हातात मावणाऱ्या एका हत्याराच्या बाबतीत ज्याच्यापुढे जन्मभर उभा राहिला, त्या सॅम्युएल कोल्ट नामक अमेरिकन कारागिराचे चरित्र आम्ही आज वाचकांस सादर करीत आहोत.

सॅम्युएलचा जन्म १९ जुलै १८१४ रोजी अमेरिकेतील कनेक्टिकट प्रांतात हार्टफर्ड या गावी झाला. त्याचे वडील ख्रिस्तोफर कोल्ट हे व्यापारउदीम करणारे गृहस्थ होते. सॅम्युएलला सातवे वर्ष पुरे होण्यापूर्वीच त्याची आई सारा क्षयाने वारली. अकराव्या वर्षी त्याला शेजारच्या ग्लास्टनबरी गावी एका शेतकऱ्याकडे कामास ठेवण्यात आले. ज्या वयात मुले आईच्या हातचे जेवून शाळेस जातात, त्या वयात हा मुलगा परक्याच्या शेतात राबत होता. तेथे त्याच्या हाती ज्ञानकोशासारखा एक ग्रंथ पडला. त्यात आगबोटीचा जनक रॉबर्ट फुल्टन याची हकीकत होती आणि बंदुकीच्या दारूविषयीही माहिती होती. या दोन विषयांनी त्याच्या मनात कायमचे घर केले.

पंधराव्या वर्षाच्या सुमारास तो मॅसॅच्युसेट्समधील वेअर या गावी वडिलांच्या कापडाच्या कारखान्यात आला. ४ जुलै १८२९ रोजी, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, तळ्यातील तराफा दारूने उडवून दाखविण्याचा खेळ त्याने मांडला. स्फोट झाला, परंतु तराफा जागच्या जागी राहिला आणि जमलेल्या मंडळींवर चिखलपाण्याचा वर्षाव झाला. पुढे ॲमहर्स्टच्या शाळेतही त्याच्या दारूकामाने आग लागली व शाळा सुटली. विद्यार्थिमित्रांनी या गोष्टीचे अनुकरण करावे असे आम्ही मुळीच म्हणणार नाही! वडिलांनीही कंटाळून अखेरीस त्याला जहाजावर पाठविण्याचे ठरविले.

१८३० साली सोळा वर्षांचा सॅम्युएल कॉर्व्हो नावाच्या जहाजावर खलाशी म्हणून चढला. हे जहाज बोस्टनहून निघून आपल्या देशातील कलकत्ता बंदरास जावयाचे होते. सांगतात की, या प्रवासात जहाजाचे चक्र फिरताना व ठराविक जागी अडकून स्थिर होताना पाहून त्याला एक कल्पना सुचली. बंदुकीचे दारूगोळे भरलेले चक्रही असेच फिरवून प्रत्येक वेळी नळीसमोर घट्ट बसविता आले तर? त्याने चाकूने लाकूड कोरून त्याचा नमुना तयार केला. अमेरिकेच्या इतिहासात गाजलेल्या या हत्याराचे पहिले लाकडी रूप हिंदुस्थानच्या वाटेवर घडले, ही गोष्ट आमच्या वाचकांस कौतुकाची वाटेल.

येथे एक खुलासा करणे इष्ट आहे. फिरत्या चक्राची कल्पना सर्वस्वी नवी नव्हती. एलिशा कॉलिअर नावाच्या दुसऱ्या एका अमेरिकन कारागिराने १८१८ सालीच चकमकीवर चालणारी तशी बंदूक सिद्ध केली होती. पण तिचे चक्र प्रत्येक बारानंतर हाताने फिरवावे लागे. कोल्टने चक्राची गती घोड्याशी जोडली. पिस्तुलाचा घोडा अंगठ्याने मागे ओढून चढविला की त्याबरोबर चक्र एक घर फिरे आणि नळीसमोर अडकून बसे. मग चाप ओढला की घोडा सुटे व बार होई. चाप एकच काम करतो, घोडा सोडण्याचे. म्हणून या जातीच्या पिस्तुलास एकेरी क्रियेचे रिव्हॉल्व्हर म्हणतात. रचना साधी, भाग थोडे, आणि चाप हलका असल्याने नेम ढळत नसे. कोल्टच्या कीर्तीचा पाया हाच होय.

परंतु कल्पना आणि सिद्धी यांच्यामध्ये पुष्कळ अंतर असते. १८३१ साली परतल्यावर वडिलांच्या पैशाने हार्टफर्डच्या कारागिराकडून एक पिस्तूल व एक बंदूक करवून घेतली. बंदूक चालली, पिस्तूल पहिल्याच बाराला फुटले. वडिलांनी हात आखडता घेतला. तेव्हा या तरुणाने जे केले ते ऐकून हसू येते व कौतुकही वाटते. ज्या वायूच्या सेवनाने माणूस हसत सुटतो तो नायट्रस ऑक्साइड वायू घेऊन तो गावोगाव फिरू लागला. स्वतःस डॉक्टर म्हणवून घेऊन व कलकत्त्याचे नाव आपल्या नावामागे जोडून तो लोकांपुढे त्या वायूचे प्रयोग करी. या मिळकतीतून त्याने बाल्टिमोरच्या जॉन पिअर्सन या कुशल कारागिराकडून नवे नमुने करविले. १८३५ साली इंग्लंडमध्ये व २५ फेब्रुवारी १८३६ रोजी अमेरिकेत त्याला आपल्या रचनेचे पेटंट मिळाले. त्या वेळी त्याचे वय बावीस वर्षांचेही नव्हते.

त्याच वर्षी न्यू जर्सीतील पॅटर्सन येथे कारखाना निघाला. पाच बारांची पिस्तुले तयार होऊ लागली. परंतु ती नाजूक होती, महाग होती आणि सरकारी सैन्याने ती पुरेशी घेतली नाहीत. १८४२ साली कारखाना बंद पडला. कोल्ट पुन्हा रिकाम्या हातांनी रस्त्यावर आला. पाण्याखालील सुरुंग आणि तारायंत्राच्या पाण्यातून जाणाऱ्या तारा यांवर त्याने काही वर्षे काढली. पिस्तूल जवळजवळ विसरले गेले होते.

ते विसरले गेले नव्हते फक्त टेक्ससच्या सरहद्दीवर. तेथील रेंजर स्वारांपाशी पॅटर्सनची काही पिस्तुले होती. १८४४ साली रेंजरांच्या एका लहानशा तुकडीने आपल्याहून कितीतरी अधिक कोमांची योद्ध्यांशी या पिस्तुलांच्या बळावर सामना केला. त्या तुकडीत सॅम्युएल वॉकर नावाचा स्वार होता. मेक्सिकोशी युद्ध सुरू झाल्यावर, १८४६ च्या अखेरीस, वॉकरने कोल्टशी पत्रव्यवहार केला. पिस्तुलाचे गुण त्याने वाखाणलेच. पण त्याचबरोबर दोषही मोकळेपणाने दाखविले. स्वारास काय हवे, हे त्याने नेमके सांगितले: बार सहा हवेत, गोळी मोठी हवी, घोड्यावर दौडत असताना पुन्हा भरणे सोपे हवे आणि बांधणी दणकट हवी.

आमच्या मते कोल्टच्या आयुष्यातील खरा वळणाचा क्षण हाच. आपली कृती उत्तम आहे, असा त्याला अभिमान होता. तरीही त्याने वापरणाऱ्याचे ऐकले. १८४७ च्या जानेवारीत सरकारने १००० पिस्तुलांची मागणी केली. कोल्टपाशी कारखाना नव्हता; म्हणून व्हिटनीव्हिल येथे धाकट्या एली व्हिटनीच्या कारखान्यात काम चालविले. वॉकरच्या नावाने प्रसिद्ध झालेल्या या पिस्तुलाची नळी तब्बल ९ इंच लांब होती आणि वजन साडेचार पौंडांहून अधिक, म्हणजे सुमारे दोन किलोग्रॅम भरे. हे ओझे कमरेला बाळगण्याजोगे नव्हते. ते खोगिरावरील चामडी पाकिटात ठेवीत.

नळी इतकी लांब का केली, हे समजून घेण्यासाठी थोडी शास्त्रीय माहिती अवश्य आहे. त्या काळची काळी दारू पेटल्यावर तिचा धूर व वायू गोळीस मागून ढकलतात. गोळी नळीत असेतोवरच हा रेटा तिला मिळतो. नळी लांब असली तर रेटा अधिक वेळ मिळतो आणि गोळीचा वेग वाढतो. पुढच्या टोकाशी वजन असल्याने बार होताना तोंड कमी उसळते, हा दुसरा लाभ. तिसरा लाभ नेमाचा. नळीच्या टोकावर माशी असते आणि मागे खाच असते. दोन्ही एका रेषेत आणून नेम धरावयाचा. समजा, माशी व खाच यांत ९ इंच अंतर आहे आणि नेम धरताना माशी एक इंचाच्या शंभराव्या भागाने सरकली. तर २५ यार्ड, म्हणजे ९०० इंच, अंतरावर गोळी १ इंच चुकेल. हेच अंतर ६ इंच असेल, तर तितक्याच चुकीने गोळी दीड इंच चुकेल. आमचे विद्यार्थी हे त्रैराशिक सहज मांडून पाहू शकतील.

मग प्रत्येक पिस्तूल लांब नळीचेच का न करावे? कारण लांबीची किंमत द्यावी लागते. नळी जितकी लांब, तितके वजन अधिक आणि पाकिटातून बाहेर काढण्यास वेळ अधिक. बसलेल्या माणसास ती मांडीशी अडते, पायी चालणाऱ्यास दिवसभर बोचते. संकट दहा पावलांवर असेल, तर नेमाचा अर्धा इंच कोण पाहतो? तेथे क्षणाचे महत्त्व. म्हणून नळीचे माप ठरविणे म्हणजे काय मिळवावयाचे आणि त्यासाठी काय सोडावयाचे, याचा हिशेब करणे होय. सर्व गुण एकाच नळीत बसत नाहीत.

वॉकरच्या पिस्तुलाने हा हिशेब लवकरच शिकविला. दारू फार मावत असल्याने काहींची चक्रे फुटली. बाराच्या धक्क्याने नळीखालची भरणीची दांडी खाली सुटे. खुद्द वॉकर ऑक्टोबर १८४७ मध्ये मेक्सिकोत वामांतला येथील लढाईत मारला गेला. कोल्टने १८४८ मध्ये सुधारलेले ड्रॅगून पिस्तूल काढले. त्याचे चक्र आखूड केले, नळी साडेसात इंचांवर आणली आणि दांडीस पकड बसविली. दीड इंच कमी झाले. पण वजन घटले, धोका कमी झाला आणि उपयोग वाढला.

पुढे त्याने माणूस पाहून माप देण्याचा क्रमच सुरू केला. १८४९ च्या खिशातील लहान पिस्तुलाच्या नळ्या ३, ४, ५ व ६ इंच अशा निरनिराळ्या लांबीच्या मिळत. प्रवासी, दुकानदार, खाणीकडे निघालेला सोन्याचा शोधक, ज्याला जी योग्य ती त्याने घ्यावी. या एका जातीची तीन लाखांहून अधिक पिस्तुले तयार झाली. १८५१ च्या नेव्ही पिस्तुलाची नळी साडेसात इंच होती, पण गोळी लहान असल्याने ते कमरेला बाळगता येई. १८६० साली उत्तम पोलादामुळे ८ इंच नळीचे व मोठ्या गोळीचे आर्मी पिस्तूल पावणेतीन पौंडांच्या आत बसविता आले. तेरा वर्षांपूर्वी ज्या कामास साडेचार पौंड लोखंड लागे, ते आता इतक्यात होऊ लागले. धातुविद्येची प्रगती ती हीच.

१८५१ मध्ये लंडनच्या जागतिक प्रदर्शनात कोल्टची पिस्तुले मांडली गेली. तेथील सिव्हिल इंजिनिअरांच्या संस्थेपुढे त्याने निबंध वाचला. १८५३ साली त्याने लंडनमध्ये कारखाना काढला, पण तो फार काळ टिकला नाही. हार्टफर्डचा प्रचंड कारखाना मात्र १८५५ मध्ये उभा राहिला. कनेक्टिकट नदीच्या पुराखाली जाणाऱ्या सखल जमिनीभोवती त्याने बांध घातला, त्यावर विलोची झाडे लावली आणि आत कारखाना व कामगारांची घरे वसविली. त्याचा सहकारी एलिशा रूट याने यंत्रे अशी रचली की प्रत्येक भाग जवळजवळ एकाच मापाचा निघे. आमच्या प्रतापनगरात रेल्वेचा कारखाना आहे. एका डब्याचा मोडलेला भाग काढून त्याच मापाचा दुसरा बसविता येतो, ही सोय तेथील कामगारास आज स्वाभाविक वाटते. परंतु कोल्टच्या काळी कारागीर प्रत्येक भाग कानशीने घासून जुळवीत असे. मापाची एकता ही विद्या ज्या थोड्या कारखान्यांतून जगभर पसरली, त्यांत हार्टफर्डचा कारखाना अग्रगण्य होता.

१८५६ साली कोल्टने एलिझाबेथ जार्व्हिस हिच्याशी विवाह केला. संपत्ती व कीर्ती दोन्ही मिळाली, पण संसारसुख पुरते लाभले नाही; मुलांपैकी एकच पुत्र मोठा झाला. अतिश्रमाने कोल्टची प्रकृती ढासळली आणि १० जानेवारी १८६२ रोजी, वयाच्या अवघ्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, त्याचे निधन झाले. योगायोग असा की, त्याच १८६२ साली आपल्याकडे खंडेराव महाराजांच्या कारकिर्दीत डभोईची अरुंद रुळांची गाडी सुरू झाली आणि ती प्रथम बैलांनी ओढली. अडीच फूट रुंदीचे रूळ त्या मुलखाच्या मालास व खजिन्यास परवडणारे होते. तेथेही माप गरजेने ठरले.

कोल्टच्या मागे एलिझाबेथबाईंनी धीर सोडला नाही. १८६४ च्या फेब्रुवारीत कारखान्यास भीषण आग लागली, तरी तो त्यांनी पुन्हा उभा केला आणि १९०१ पर्यंत त्याची मालकी सांभाळली. याच काळात, १८७३ मध्ये, एकेरी क्रियेचे सर्वांत प्रसिद्ध पिस्तूल सैन्यात दाखल झाले. त्यात धातूची काडतुसे भरीत. सैन्यासाठी नळी साडेसात इंच ठरली, कारण स्वार ते घोड्यावरून वापरणार. पुढे साडेपाच व पावणेपाच इंचांच्या नळ्या आल्या. पायी चालणाऱ्या व रोज कमरेला पिस्तूल बाळगणाऱ्या लोकांनी पावणेपाच इंची पसंत केली; ती नळीलगतच्या दांडीपेक्षा फारशी पुढे येत नसे. साडेपाच इंची नळी दोहोंमधली, म्हणून तीही पुष्कळांस रुचली. सैन्याने स्वतःच आपली अनेक जुनी लांब पिस्तुले १८९० नंतरच्या दशकात कापून साडेपाच इंचांची केली. ज्यांस हौस होती त्यांच्यासाठी सोळा इंचांपर्यंत लांब नळ्याही केल्या गेल्या; साडेसातच्या वरच्या प्रत्येक इंचास एक डॉलर अधिक पडे. त्यांची संख्या अगदी थोडी राहिली. हौस निराळी आणि गरज निराळी, याचा दाखला यापेक्षा कोणता द्यावा?

चरित्रकाराने केवळ गुणगान करू नये. कोल्ट हा व्यापारी होता आणि हत्यार कोणाच्या हाती जाते याची चिंता त्याने फारशी केली नाही. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्धाचा भडका उडेपर्यंत त्याने दक्षिणेकडील राज्यांसही शस्त्रे विकली, आणि त्याबद्दल वृत्तपत्रांनी त्याच्यावर कठोर टीका केली. रेंजरांस ज्या पिस्तुलाने तारले, त्यानेच कोमांची लोकांची भूमी जाण्यास हातभार लावला. आपल्याकडे १८५७ च्या संग्रामात फिरत्या चक्राची पिस्तुले इंग्रज अधिकाऱ्यांच्या कमरेस होती, आणि १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने हिंदी जनतेस परवान्यावाचून शस्त्र बाळगण्याची बंदी झाली. पिस्तुलाने दुबळा व बलवान सारखे होतात, असे त्याची भलावण करणारे म्हणत आले. पण ते एकाच बाजूच्या हाती असेल, तर विषमता वाढतेच. नळीचे माप ठरविताना कोल्टने ती धरणाऱ्या हाताचा बारकाईने विचार केला. तिच्या तोंडासमोर उभ्या असणाऱ्याचा विचार त्या हिशेबात कोठेच नव्हता. आजही आपल्या देशात पिस्तूल परवान्यावाचून बाळगता येत नाही, आणि तेच योग्य आहे.

तथापि त्याच्या जीवनातून घेण्याजोगे पुष्कळ आहे. पोरकेपण, फुटलेले पहिले पिस्तूल, बुडालेला कारखाना, यांपैकी कशानेही तो खचला नाही. आणि ज्या दिवशी त्याने एका स्वाराचे म्हणणे शांतपणे ऐकून आपल्या लाडक्या कृतीत बदल केला, त्या दिवसापासून त्याचा उत्कर्ष झाला. आमच्या विद्यार्थ्यांपैकी कोणी उद्या नांगर करील, कोणी पूल बांधील, कोणी शिवणयंत्र सुधारील. त्या वेळी माप घेण्यापूर्वी त्यांनी दोघांस विचारावे: जो ती वस्तू वापरणार त्यास, आणि जो तिचा परिणाम भोगणार त्यासही. पहिला प्रश्न कोल्टने विचारला व तो थोर कारागीर झाला. दुसराही जो विचारील, तो त्याहून थोर होईल, अशी आमची श्रद्धा आहे.